आधी जागा, मग बोट

भूमध्य समुद्रावर बोट विकत घेणं अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते ती ठेवणं. दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही बोटीच्या शोरूममध्ये शिरा, विक्रेता तुमचं बजेट विचारत नाही, आवड विचारत नाही, पोहता येतं का हेही विचारत नाही. तो विचारतो, "बंदरात जागा आहे?" आणि आपण "नाही" म्हणालो की त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो मी त्याआधी फक्त सदाशिव पेठेत चारचाकी घेऊन जेवायला आलेल्या पाहुण्याला बघून यजमानाच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

मी पुण्याची. मुठेपलीकडे पाण्याशी माझा संबंध नव्हता, आणि मुठेतही पाणी नव्हतं. नवरा मात्र वेंगुर्ल्याचा. आंतीबजवळच्या सोफिया आंतिपोलिसमध्ये त्याला नोकरी लागली, घराच्या गच्चीवरून समुद्राची एक निळी पट्टी दिसली आणि त्याच दिवशी त्याने जाहीर केलं की बोट घ्यायची. "समुद्र माझ्या रक्तात आहे," हे वाक्य मी लग्नाआधीही ऐकलं होतं. तेव्हा ते बरं वाटलं होतं.

एकट्या आंतीबला लहानमोठी पाच बंदरं आहेत. त्यातलं व्होबाँ हे युरोपातल्या हौशी बोटींच्या मोठ्या बंदरांत मोडतं आणि त्याच्या एका भागाला लोक खरोखरच 'अब्जाधीशांचा धक्का' म्हणतात. तिथल्या तरंगणाऱ्या बंगल्यांवर हेलिपॅड असतात. या सगळ्यात आपल्या चिमुकल्या बोटीला एक कोपरा मिळणार नाही का, असं कुणालाही वाटेल. नाही मिळत. बंदराची जागा सार्वजनिक मालकीची, ती विकत मिळत नाही. यादीत नाव घालायचं आणि थांबायचं. दरवर्षी पत्र पाठवून "मी अजून आहे, मला अजून बोट हवी आहे" असं कळवायचं, नाहीतर नाव कटतं. जुनी बोट विकत घेतली तरी तिच्याबरोबर जागा येत नाही. म्हातारा गेला की बोट मुलाला, जागा बंदराला. आम्ही अर्ज केला तेव्हा मुलगी बालवाडीत होती. नंबर लागला तेव्हा ती आम्हाला फ्रेंच व्याकरणावरून टोकत होती आणि आमच्याबरोबर कुठेही यायला तयार नव्हती.

ज्या छोट्या बंदरात आमचा नंबर लागला त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कार्यालयात माझं अजून काम पडतं. पत्रात जागेचं माप होतं: लांबी ६ मीटर, रुंदी २ मीटर ३०. ठरलेल्या मुदतीत बोट आणून लावा, नाहीतर पुढच्या माणसाला जागा जाईल. इतकी वर्षं आम्ही थांबलो होतो, आता बंदराला दम नव्हता. आणि आमच्याकडे बोट नव्हती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या किनाऱ्यावर बोट माणूस निवडत नाही, जागा निवडते. तुमची स्वप्नं, तुमचं कुटुंब, तुमच्या पूर्वजांचं रक्त, सगळं त्या ६ बाय २.३० मध्ये बसवायचं. त्यात कॅटलॉगवाले लबाड. ते लांबी सांगतात ती नुसत्या सांगाड्याची. बंदरवाले मोजतात ती टोकापासून टोकापर्यंत: पुढे नांगराचा रोलर, मागे पोहायला उतरायची फळी आणि तिच्यामागे तिरकी उचललेली मोटर. रुंदीतही दोन्ही बाजूंना टांगलेले, टक्कर झेलणारे फेंडर मावायला हवेत. नवरा खिशात टेप घेऊन हिंडायचा. प्रदर्शनात लोक बोटींच्या सुकाणूवर प्रेमाने हात फिरवत होते आणि आमचा माणूस मागच्या बाजूला ओणवा होऊन "पाच ब्याऐंशी!" असं ओरडत होता.

माझी अडचण वेगळी होती. इथल्या बोटींच्या जाहिरातींत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माणसं आडवी पडलेली असतात. पुढे गादी, मागे गादी, मधलं टेबल खाली दाबलं की तिसरी गादी. उन्हात भाजून घेण्यासाठी इतक्या कौशल्याने रचलेली वस्तू दुसरी नसेल. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून पळत आलेली माणसं. भर दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी डोक्यावर पदर किंवा टोपी. मी विक्रेत्याला विचारलं, "याच्यात सावली कुठे आहे?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "मादाम, ही बोट आहे."

दुसरा प्रश्न मी हळू आवाजात विचारला. संडास. त्याने हसून समुद्राकडे हात दाखवला.

मुलीला, म्हणजे आमच्याबरोबर न येणाऱ्या मुलीला, सेमी-रिजिड हवी होती: खाली कडक तळ, कडेने हवेच्या फुगीर नळ्या. नवऱ्याने लगेच आलाँ बोंबारचा दाखला दिला. हा फ्रेंच डॉक्टर १९५२ साली इथून जवळच्या मोनाकोहून साडेचार मीटरच्या हवेच्या बोटीत बसून निघाला आणि पुढे एकट्याने अटलांटिक ओलांडून बार्बाडोसला पोचला. बुडालेल्या जहाजावरची माणसं समुद्रावरच जगू शकतात हे त्याला सिद्ध करायचं होतं, म्हणून तो वाटेत मासे पिळून त्यांचा रस प्याला, थोडंथोडं खारं पाणी प्याला, फडक्याने गाळून समुद्रातले सूक्ष्म जीव खाल्ले. "बघ, हवेच्या बोटीत काय काय करता येतं," नवरा म्हणाला. मी म्हटलं, "बरोबर आहे. त्यातही सावली नव्हती."

युरोपात प्रत्येक बोटीवर एक अक्षर लिहिलेलं असतं. ए म्हणजे महासागर, बी म्हणजे खोल समुद्र, सी म्हणजे किनाऱ्यालगत, डी म्हणजे तलाव आणि खाड्या. आमच्या मापात बहुतेक 'सी'च मिळतात: बोफर्टच्या मोजपट्टीवर ६ पर्यंतचा वारा आणि २ मीटरपर्यंतच्या लाटा. याचा अर्थ एवढ्या वाऱ्यालाटांत बोट टिकेल. आत बसलेल्यांच्या पोटाबद्दल युरोपियन युनियन काही बोलत नाही.

नवी बोट परवडण्यासारखी नव्हती, म्हणून जुन्या बघितल्या. जुन्या बोटींच्या जाहिरातीत "क्वचित वापरलेली" असं अभिमानाने लिहितात. बंदरातल्या शेजारच्या म्हाताऱ्याने आम्हाला शिकवलं की हे वाक्य दिसलं की पळायचं. खाऱ्या पाण्यातलं इंजिन वापरलं तर जगतं, ठेवलं तर मरतं. त्याने आम्हाला अॅनोड बघायला शिकवलं. मोटरच्या पायाशी जस्ताचा किंवा अॅल्युमिनियमचा एक साबणाच्या वडीएवढा तुकडा लावलेला असतो. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की वीज खेळते आणि हलक्या प्रतीचा धातू आधी झिजतो. म्हणून हा मुद्दाम झिजायला लावलेला. तो कुरतडल्यासारखा खडबडीत झाला असेल तर त्याने काम केलंय. अगदी कोरा करकरीत असेल तर परवाच बदललाय किंवा कुणा हुशाराने त्यावर रंग फासलाय, आणि मग त्याच्याऐवजी मोटर झिजते. नखाने खरवडून बघायचं. विक्रेते यावर नाराज होतात. मी पुण्याची असल्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही.

शेवटी मिळाली ती छपराची. इकडे थोडे मासे, थोडी सहल, अशा दुहेरी कामाच्या केबिनवाल्या बुटक्या बोटी असतात. तरुण लोक त्यांना हसतात. मागे १०० हॉर्सपॉवरची आउटबोर्ड, आत दोन माणसं मुटकुळं करून झोपतील एवढी केबिन, आणि केबिनमधली गादी उचलली की खाली केमिकलचा संडास. मी गादी उचलून बघितली आणि तिथल्या तिथे होकार दिला. इंजिन नवऱ्याने बघितलं असेल.

मग परवाना. फ्रान्समध्ये ६ हॉर्सपॉवरच्या वर गेलात की परवाना लागतो. पलीकडे इटलीत किनाऱ्यापासून ६ मैलांच्या आत राहिलात तर ४० हॉर्सपॉवरपर्यंत कुणी विचारत नाही. स्पेनमध्ये १५ हॉर्सपॉवर, बोट ५ मीटरच्या आत, आणि तेही दिवसाउजेडी. समुद्र तोच, पाणी तेच, पण माणसाची अक्कल देशागणिक बदलते. लेखी परीक्षेत ४० प्रश्न, ५ चुका माफ. प्रात्यक्षिकात हातात सुकाणू किमान २ तास. रक्तात समुद्र असलेल्या माणसाने अभ्यासाची गरज नाही असं ठरवलं. कुठल्या बोटीने कुठला दिवा लावायचा आणि धुक्यात किती भोंगे मारायचे हे रक्तात नसतं असं निघालं. मी पुस्तक पाठ केलं, कारण परीक्षा म्हटल्यावर पाठ करायचं असतं एवढंच मला शिकवलंय. मी पहिल्या झटक्यात सुटले. तेव्हापासून कागदोपत्री कॅप्टन मी आहे आणि हा विषय आमच्या घरी पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

परवाना मिळाल्यावर कळलं की १०० हॉर्सपॉवरचं करायचं काय हा प्रश्नच आहे. किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंत वेगमर्यादा ५ नॉट, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. बंदरात ३ नॉट. पेट्रोल मात्र बंदराच्या पंपावर, बंदराच्या भावाने.

आणि आता लावणं. खरी गोष्ट इथे सुरू होते.

भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. एकीला एक खेटून, पाठ धक्क्याकडे आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याकडे, अशा सगळ्या ओळीने उभ्या. आडवी लावली तर एका बोटीच्या जागेत दोन-तीन बसायच्या राहतील. हे करता येतं, कारण या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. अटलांटिकचं पाणी आत यायला जिब्राल्टरची एकच चिंचोळी वाट, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर, आणि स्वतःची भरती उठवण्याएवढं याचं अंगण मोठं नाही. आमच्या इथे पाणी वीत-दीड वीत वर-खाली होतं, आणि त्यातही हवेचा दाब वाढला-घटला म्हणून चंद्राइतकाच फरक पडतो. त्यामुळे धक्का पक्क्या दगडाचा आणि बोटीवरून उतरायला नुसती एक फळी.

माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा जून सरत आला होता. वेंगुर्ल्याला पाऊस, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या. त्यांनी आयुष्यभर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढलेली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते धक्क्यावर उभे राहून दगडावरच्या ओल्या रेषेकडे बघत होते. एकादशी होती. सव्वाआठला भरती हवी. साडेआठ झाले, नऊ झाले.

"बाये, हयसर भरती कदी येता?" त्यांनी मला विचारलं.

"येत नाही, बाबा."

"आणि सुकती?"

"तीही नाही."

ते बराच वेळ गप्प राहिले. "ह्यो खयचो समुद्र? ह्यां तर तळां!" एवढं बोलून ते चहा प्यायला निघून गेले.

पण त्या तळ्यात पाठमोरं शिरणं बघायला मात्र ते रोज येऊ लागले. कृती सांगायला सोपी आहे. समुद्राच्या तळाशी जाड साखळी पडलेली असते. तिला बांधलेला एक दोर पाण्याखालून धक्क्यापर्यंत येतो. याला इथे पांदीय म्हणतात. आपण बोट उलटी आणायची, धक्क्याजवळ आलो की एकाने आकड्याने पांदीय उचलायचा, तो हातात सरकवत बोटीच्या कडेने नाळेपर्यंत चालत जायचं आणि तिथे ताणून बांधायचं. दुसऱ्याने तोवर मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांत अडकवायचे. झालं.

आता यात गोम अशी. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं. पंखा फिरतो तोवरच दिशा. धक्का जवळ आला म्हणून न्यूट्रल केलं की बोट ऐकेनाशी होते. छपराची बोट असेल तर केबिन वारा पकडते आणि नाळ गोल फिरून शेजारणीच्या अंगावर जाते. पंखा चालू ठेवला आणि पांदीय सैल लोंबत राहिला, तर तो पंख्यात. म्हणजे वारा असताना चालू ठेवायचं आणि दोर असताना बंद करायचं, आणि वारा व दोर एकाच वेळी असतात. आमच्या बंदरात मिस्त्राल वाऱ्याचं एवढं नाही, डोंगर आणि अंतरीप आडवं येतं. पूर्वेचा वारा सुटला की तो थेट तोंडावर येतो, आणि तो दुपारी, सगळे परतत असतानाच येतो.

पांदीय हातात धरल्याशिवाय कळत नाही. वर्षभर पाण्याखाली पडून त्यावर हिरवा-काळा चिखल बसतो, आणि त्या चिखलात खसखशीच्या दाण्यापासून शेंगदाण्याएवढे शिंपले घट्ट चिकटलेले असतात. ओला दोर ताणून तळव्यातून सरकायला लागला की आधी घसरतो, मग कापतो. हातमोजे घालायचे असतात. चिखलाचं पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि तिथून कपड्यांवर. पांढरी पँट घालून बोटीवर येणाऱ्या माणसाला धक्क्यावरचे लोक लांबूनच ओळखतात की हा पाहुणा आहे.

आणि हे सगळं प्रेक्षकांसमोर. बंदरातल्या निम्म्या बोटी कधी हलत नाहीत. त्यांचे मालक रविवारी येतात, इंजिन पाच मिनिटं चालवतात, बंद करतात आणि बाटली उघडून बसतात. त्यांची करमणूक म्हणजे आपण. नवरा इंजिनाशी, मी आकडा घेऊन मागे, मधे छप्पर, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि ओरडावं लागतं. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे?" उलटं जाताना हा प्रश्न तात्त्विक होतो. मराठीतून बोलण्याचा फायदा असा वाटला होता की कुणाला कळणार नाही. पुढे शेजारच्या म्हाताऱ्याने मला सांगितलं की शब्द कळत नाहीत, पण आशय पोचतो. पहिल्या दिवशी बाबा धक्क्यावरून ओरडले, "पाठी पाठी कित्याक जातस रे? बोटीक तोंड नाय?" नवऱ्याने उत्तर दिलं नाही. तो तेव्हा कुणाच्या तरी फेंडरवर होता.

नारळी पौर्णिमेला बाबांनी नारळ मागितला. आफ्रिकी माणसाच्या दुकानात मिळाला, शेंडीसकट. बंदरात काहीही टाकायला बंदी आहे असं मी सांगून बघितलं. "नारळ म्हणजे काहीही?" त्यांनी विचारलं. याला फ्रेंच नियमावलीत उत्तर नव्हतं. आम्ही धक्क्याच्या टोकाला गेलो, त्यांनी हळद-कुंकू लावून नारळ सोडला, हात जोडले. ओहोटी नसलेल्या समुद्रात नारळ जाणार कुठे? तो तिथेच डुलत राहिला. अर्ध्या तासाने बंदराचा एक पोरगा रबरी बोटीतून आला, जाळीने तो उचलला, लाल रंग बघून जरा दचकला, आणि आमच्यासमोर धरून अदबीने म्हणाला, "मस्यू, हे तुमचं पडलं का?" वेंगुर्ल्याच्या समुद्राने बाबांना आजवर एकही नारळ परत केला नव्हता. संध्याकाळी त्याची चटणी झाली.

बाबांना घेऊन आम्ही सेंत-मार्गरीत बेटापर्यंत गेलो. कान शहरासमोर अशी दोन बेटं आहेत. या मोठ्या बेटावर लोखंडी मुखवट्याचा कैदी १६८७ पासून डांबलेला होता, आणि धाकट्यावर मठातले साधू वाइन करतात. वाटेत गोल्फ-झुआँ लागतं. एल्बाहून निसटलेला नेपोलियन १ मार्च १८१५ ला इथेच उतरला. बरोबर छोटासा ताफा, हजारभर माणसं, आणि बंदरात आगाऊ जागा राखलेली नाही. आज आला असता तर कार्यालयाने त्याला फॉर्म दिला असता आणि वॉटर्लू टळलं असतं.

बेटाजवळ नांगर टाकायचा तोही वाटेल तिथे नाही. तळाला पोसिडोनिया असते. दिसायला गवत, पण ही फुलणारी वनस्पती, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर पसरते. नांगराने एकदा उपटली की आपल्या हयातीत भरून येत नाही. मायोर्काच्या बाजूला तर २०१८ पासून तिच्यावर नांगर टाकायला सगळ्यांनाच मनाई आहे. डोनिया नावाच्या अॅपवर तळाचा नकाशा दिसतो. मी फोनमध्ये डोकं घालून वाळू शोधत होते. बाबांनी बाजूने वाकून पाण्यात बघितलं आणि एका फिकट डागाकडे बोट दाखवलं. "थय रेव आसा." होती.

आता ते दर उन्हाळ्यात येतात. बोटीवर क्वचित चढतात. धक्क्यावर, बाकावर, शेजारच्या म्हाताऱ्याच्या बाजूला बसतात. म्हाताऱ्याला फ्रेंचखेरीज काही येत नाही आणि बाबा मालवणीखेरीज काही बोलत नाहीत. परवा सायंकाळी पूर्वेचा वारा होता. एक १५ मीटरची झळझळीत बोट पाठमोरी आत आली. तिला नाळेत बसवलेला वेगळा पंखा होता, एक बटण दाबलं की नाळ हवी तशी आडवी सरकते. मालकाने बटण दाबलं, मग दुसरं दाबलं, मग दोन्ही दाबली. पंखा घूं घूं करत राहिला, बोट आडवी झाली आणि कोपऱ्यातल्या तीन बोटींना एकदमच टेकली. आकडा धरलेली बाई किंचाळली. कुत्रं भुंकलं. बाकावर शांतता होती.

"इंजिन मोठां," बाबा म्हणाले, "पण हात खय?"

म्हाताऱ्याने ग्लास खाली ठेवला आणि गंभीरपणे मान हलवली. "वुई," तो म्हणाला, आणि शेंगदाण्यांची वाटी बाबांकडे सरकवली.